सोललेला वानवळा

आमच्या तळ्याभोवतीचं कुंपण गुडघ्याएवढं होतं. ते माणसांसाठी नव्हतंच, कुर्ल्यांसाठी, म्हणजे खेकड्यांसाठी होतं. खाडीतली कुर्ली बांध चढून तळ्यात उतरते आणि येताना अंगावरून काय काय घेऊन येते ते तिलाही ठाऊक नसतं, म्हणून हिरव्या जाळीची एक पट्टी चारही बाजूंनी मातीत गाडून उभी केली होती. साडी जरा वर धरली की कोणीही सहज ओलांडावी एवढीच. मी मात्र त्या वर्षी सलग आठ दिवस तिच्या आत काढले. त्यातल्या पहिल्याच दिवशी ती शेजारच्या बाजूने ओलांडली असती, किंवा नुसतं तोंड उघडलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं.

मी कारापूरची. आमच्याकडे सुंगटं, म्हणजे कोळंबी, साखळीच्या बाजारातून यायची ती टोपलीत, मेलेली आणि मुकाट. जिवंत सुंगट मी पार्स्याला लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तरीही सासऱ्यांनी मला पसंत केलं ते सुंगटांसाठीच. बघायला आले तेव्हा त्यांनी स्वयंपाकाचं विचारलं नाही, वयाचं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की मुलगी प्राणिशास्त्र शिकलीय, त्यात सुंगटांचं येतं काय. मी येतं म्हणून सांगितलं. खरं म्हणजे तीन वर्षांत सुंगटाची एकच आकृती काढली होती, तीही एका बाजूने, पायांना बाण दाखवून. त्या आकृतीवर माझं लग्न जमलं असं मी अजूनही म्हणते आणि सासूबाई अजूनही रागावतात.

नवरा वेर्ण्याच्या एका कारखान्यात, रविवारी घरी. तळं बघायचो सासरे आणि मी. पूर्वी तिथे खाडीला बांध घालून केलेली भाताची खाजन शेती होती. बांध फुटून खारं पाणी आत आलं, भात गेलं, आणि सासऱ्यांनी त्या मातीत सुंगटांचं तळं खणलं. वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, तसं करणारे ते पहिले. त्यांच्या मागोमाग शेजारच्या काकीच्या नवऱ्याने खणलं. दोन तळी, मधे एक बांध, आणि दोन्हींना पाणी एकाच मानशीतून. मानस म्हणजे भरती-ओहोटीला खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणारं लाकडी दार. एका दारातून दोघांचं पाणी म्हटलं की दोघांचं नशीबही तिथूनच आत येणार, पण हे तेव्हा कोणाला सुचलं नव्हतं.

काकीचा नवरा वारला त्यानंतर तिने तळं एकटीने चालवलं. साठी उलटलेली, काटकुळी बाई, आणि जीभ अशी की पोदेर पाव देऊन हॉर्न न वाजवता निघून जायचा. मला सुंगटं कळली ती तिच्यामुळे. माझ्याकडे आकृती होती, तिच्याकडे हात होते. पाण्याचा रंग उतरला की चुना कधी टाकायचा, आभाळ आलं की खाद्य कमी का करायचं, पहाटे सुंगटं वर आली तर पाणी ढवळणारं यंत्र किती वेळ चालवायचं, हे सगळं तिने बांधावर बसून शिकवलं. शिकवताना ती शिव्याही द्यायची. मला त्या आवडायच्या.

तिचा मुलगा म्हापशाला फ्लॅटमध्ये. आईने तिथे येऊन राहावं असं त्याचं किती वर्षं चाललं होतं. आदल्या पिकाला पावसाने बांध खचला आणि तिची अर्धी सुंगटं खाडीत गेली, तेव्हा त्याने शेवटचं सांगितलं. हे एक पीक. नीट आलं तर तू इथे, मी पुन्हा तोंडातून अक्षर काढणार नाही. नाही आलं तर तळं दुसऱ्याला द्यायचं आणि म्हापशाला यायचं. काकी हे सगळ्यांना हसत सांगायची. ऐकणारेही हसायचे. मला हसू येत नव्हतं, कारण त्या बाईला मी म्हापशाच्या फ्लॅटमध्ये डोळ्यांसमोर आणू शकत नव्हते.

त्याच सुमाराला खाडीपलीकडच्या एका तळ्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग शिरला होता. हा विषाणूचा रोग. माणसाला काही होत नाही, सुंगट शिजवलं की झालं, पण तळ्यात एकदा आला की औषध नाही, आठवड्याभरात तळं साफ. आमच्या सासऱ्यांनी तेव्हा देवळासमोर दहा जणांत सांगितलं होतं, "नियम पाळणत नाय ते असेच बुडतत." ऐकणाऱ्यांत त्या तळ्याचा मालकही होता. सासरे वाईट नाहीत. पण बोलून बसायची खोड आहे, आणि बोललेलं गिळायची सवय नाही.

नियम मात्र माझेच होते. बांधावर येण्याआधी गुलाबी औषधाच्या बाल्दीत पाय बुडवायचे. एका तळ्याचं जाळं, घमेलं दुसऱ्या तळ्यावर न्यायचं नाही. वर दोऱ्या ताणायच्या, म्हणजे कावळे उतरत नाहीत. आणि सगळ्यांत कडक नियम असा, की पीक निघेपर्यंत दोन्ही घरांत बाजारचं सुंगट आणायचं नाही, कारण त्याच्या सालींतून, धुतलेल्या पाण्यातून रोग तळ्यात जाऊ शकतो. सासूबाई आठवडाभर फुगून होत्या. काकी म्हणाली, "तळ्यात लाखान सुंगटां, आणि ताटात वाल. बरां चल्लाहा तुझा." पण पाळला तिनेच सर्वांत काटेकोर. दारावर मासळीवाली आली की लांबूनच हात करून घालवायची. कुंपणाला तिच्याकडे पैसे नव्हते, म्हणून कुर्ल्या पकडायला ती स्वतः बांधावर बसायची. वाड्यावर मला सुंगटांची दोतोर म्हणायला लागले. मी नाक मुरडायचे. आतून आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर दोन्ही तळ्यांत एकदमच बी, म्हणजे सुंगटांची इवलीशी पिल्लं, सोडलं होतं. शिमग्याच्या आधी काढायचं ठरलं होतं. तीनेक आठवडे उरले असतील. मी सकाळी खाद्याचं ताट वर काढलं. जाळीचं हे ताट दोरीने पाण्यात सोडतात, त्यात थोडं खाद्य ठेवतात आणि दोन तासांनी बघतात. ताट रिकामं तर सुंगटं बरी. त्या दिवशी ताट होतं तसंच भरलेलं वर आलं. मला वाटलं, थंडी. मग बांधाकडे बघितलं तर कावळे ओळीने बसलेले, आणि काठाच्या पाण्यात सुंगटं कडेकडेने कुशीवर होत चाललेली. एक उचललं. उडी मारली नाही त्याने. डोक्यावरचं कवच काढून उजेडात धरलं. कोणी चिमूटभर पीठ उडवावं तसे पांढरे ठिपके होते. नखाने घासून बघितले. पीठ असतं तर गेलं असतं.

कुठून आला तो रोग, मला आजही माहीत नाही. बियातून असेल, कावळ्याच्या चोचीतून असेल. एवढे नियम करून तो आत आला, आणि आमच्याच तळ्यात आधी आला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तसं झालं होतं.

सासरे आले. मी कवच त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"दुसरा कायतरी आसात."

"नाही, बाबा."

ते खाद्याच्या पोत्यावर बसले. मग फोन काढून त्यांनी व्यापाऱ्याची गाडी बोलावली. अर्ध्या वाढीची का होईना, जिवंत असेपर्यंत ओढून काढायची, दुसरा मार्गच नसतो. मी म्हटलं, आधी काकीला सांगायला हवं. तिने आजच दोऱ्या वाढवाव्यात, आमच्या बांधाकडे फिरकू नये, मानशीचं पाणी घेऊ नये. नाहीतर तिचीही आत्ताच काढून घ्यावीत. बारीक भरतील, पण पीक हातात तरी येईल.

"गाडी जाव दे," ते म्हणाले.

गाडी गेली. दुपारपर्यंत आमचं तळं पाण्याने भरलेलं आणि जिवाने रिकामं झालं. पाणी सोडायचं नव्हतं. ब्लीचिंग टाकून ते आठ दिवस कोंडून ठेवायचं, म्हणजे रोग आतल्या आत मरतो. त्या आठ दिवसांत जो आमच्या बांधावर उतरला त्याने काकीच्या बांधावर पाय ठेवायचा नाही. हाही माझाच नियम. म्हणजे मी आणि सासरे, दोघेही आत. घर आणि तळं, तळं आणि घर.

मी पुन्हा विषय काढला. सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी बंद केलंस मां? औषध मारलंस मां? तूच सांगतंस, असा केला तर दुसऱ्या तळ्यात जाणा नाय. मगे तिका घाबरवतंस कित्याक? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला उत्तर सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण देवळासमोरचे ते दहा जण जसे त्यांना दिसत होते, तशी मला माझी दोतोरकी दिसत होती. सांगितलं की वाड्यावर काय बोलतील, ते मी शब्दाशब्दाने ऐकत होते. सासऱ्यांच्या धाकाने गप्प बसले असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. सोयीचं होतं ते.

सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. भाव चांगला होता म्हणून लवकर काढली, एवढंच त्यांना सांगितलं होतं. आणि पीक निघालं म्हणजे वानवळा गेला पाहिजे. पहिल्या पिकातलं थोडं शेजाऱ्याच्या घरी पोचवल्याशिवाय आमच्याकडे घरच्यांच्याही तोंडात घास जात नाही. त्यांनी काठाला पोचा पडलेला आमचा ॲल्युमिनियमचा टोप काढला आणि घरासाठी ठेवलेल्या सुंगटांतली त्यात भरायला घेतली. मी मागच्या दारात होते. तिथूनच सासऱ्यांकडे बघितलं.

सासरे मात्र खाली मान घालून म्हणाले, "धाड. वानवळो गेलो नाय तर तिका कळतला."

मी सासूबाईंना म्हटलं, द्या इकडे, मी सोलून देते, उकळून देते, काकीला तेवढाच त्रास कमी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी देवाला सोललेला नारळ दाखवायला निघाले आहे.

"सोललेलो वानवळो? उष्टा दिल्यासारखा दिसता ता. वानवळो डोक्या-मिशांसकट जाता. तुमच्या कारापुरात सोललेलो देतत?"

"मग निदान साली पुरायला सांगा."

"तिका मी सुंगटां साफ करूक शिकवतलंय?" म्हणाल्या, आणि टोपावर केळीचं पान घालून निघाल्यादेखील. त्या बांधावर उतरल्या नव्हत्या, त्यामुळे माझ्या नियमाप्रमाणे त्यांना जायला मोकळीक होती.

मी बांधावर गेले. कशाला गेले, बघायला की थांबवायला, ते सांगता येणार नाही. काकीच्या तळ्याच्या कोपऱ्यात जांभ्या दगडाचा एक चिरा टाकलेला होता. वारा लागतो म्हणून ती तिथे बसून निवडणं-टिपणं करायची. ती विळी आणि टोप घेऊन तिथे येऊन बसली. आमच्या दोघींमधे माझं गुडघाभर कुंपण आणि बांधाची वीस-पंचवीस पावलं. तिने डोकी मोडायला घेतली. मूठभर झाली तशी उचलली.

आमच्याकडे म्हणतात, तळ्याचं तळ्याला. घरच्या पिकाची पहिली डोकी, साली पाण्याला परत द्यायच्या, म्हणजे पुढच्या वेळी पाणी हात आखडत नाही. सासूबाई करतात, काकी करायची, तिची सासूही खाडीला करायची म्हणे. मी बाजारच्या सुंगटांवर एवढा कडक नियम केला, पण या गोष्टीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. घरच्या सुंगटांपासून घरच्या तळ्याला कसलं भय? आणि काकीच्या हिशेबी आमचं तळं घरचंच होतं.

तिने मान वर केली. मी कुंपणाला लागून उभी होते. मूठ पाण्यावर धरून ती तशीच थांबली.

"गो," तिने हाक दिली, "ही तुमच्या तळ्यातलीच मां? बाजारातली नाय मां?"

मला वाटलं, माझ्याच नियमाची चेष्टा करतेय. ती तशी करायचीच. मी तोंड उघडलं. सासरे मागे पाणी ढवळत होते, त्यांच्या हातातला बांबू थांबलेला मला न बघता कळला.

"आमचीच," मी म्हटलं.

शब्द खरे होते. तिने मूठ उघडली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आमच्या तळ्याला ब्लीचिंगचा वास सुटला होता. पाणी काचेसारखं, त्यात काही हलत नव्हतं. आमचं ढवळणारं यंत्र बंद होतं आणि काकीचं चालू होतं, त्याचा फटफट आवाज दिवसभर कानावर. मी काठाकाठाने फिरायचे, कुंपणाच्या आतून. कारापूरला आई आजारी असल्याचा फोन आला तरी गेले नाही. नियम म्हणून नाही. इथून हलले तर माझ्यामागे काय होईल आणि मला कळणार नाही, याची भीती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड दाबणारा हातही माझाच होता.

रोज सकाळी मी बांधावरून विचारायचे, "ताट रिकामं?"

"रिकामा!" काकी ताट उंच धरून दाखवायची. जाळीतून पलीकडचं आभाळ दिसायचं. मी तेवढ्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत जगायचे. मग वाटायचं, अजून वेळ आहे, आत्ता सांगितलं तर आजही काढून घेईल. मग वाटायचं, चार दिवस झाले, काही झालं नाही, आता होणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभं राहून मी दिवस मोजत होते. सासरेही मोजत असणार. जेवताना आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. एकदा फक्त ते म्हणाले, "तिची चांगली आसत मां?" मी मान हलवली.

सातव्या दिवशी काकीने ताट वर धरलं नाही. मी विचारलंही नाही. आठव्या दिवशी तिनेच हाक मारली.

"दोतोर, जरा येवन बघ गो. खाणत नाय."

मी तिच्या बाजूचं कुंपण ओलांडलं. एवढे दिवस ज्याच्या आत होते ते ओलांडायला एक पाऊल पुरलं. तिने माझ्यासाठी गुलाबी औषधाची बाल्दी काढून ठेवली होती. मी पाय बुडवले. तिने काठावरचं एक सुंगट उचलून माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. कवच उजेडात धरायची गरज नव्हती, तरी धरलं.

"आजच काढा, काकी. सगळी."

"पंधरा दिस रवले होते," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "खयसून इला गो ह्या?"

ही दुसरी वेळ होती. पहिल्या वेळी मी निदान खरे शब्द वापरले होते.

"खाडीतून आलं असेल," मी म्हटलं.

तिने पुढे विचारलं नाही. तुमच्याकडे काय झालं, लवकर का काढली, काहीच नाही. मी वाट बघत होते की विचारेल. विचारलं असतं तर सांगितलं असतं असं वाटतं. खात्री नाही.

तिची सुंगटं आमच्याहून कमी निघाली, निम्मी तर तळाशी मेलेली. दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. तो भला मुलगा आहे, आईशी एक शब्द वावगा बोलला नाही, नुसतं सामान बांधायला लागला. तेच जास्त वाईट होतं. त्याच संध्याकाळी आमच्या मागच्या दारात आमचा टोप येऊन बसला. काकी ठेवून गेली होती, हाक न मारता. वानवळ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, आणि तिने आपलं पीक निघाल्यावरच ते परत करायचं म्हणून एवढे दिवस ठेवून घेतलं होतं.

सासूबाईंनी केळीचं पान उचललं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सोललेली?" त्या म्हणाल्या. "इतक्या वर्साची शेजारीण, आणि सोललेलो वानवळो धाडता? आमी काय केला तिचा?"

मी टोपात बघितलं. एकूण एक सुंगट सोललेलं, पाठीतला दोरा काढलेला, दोनतीन पाण्यांनी धुतलेलं. एक मिशी, एक पाय, डोक्याचं एक कवच नव्हतं. साली कुठे गेल्या ते बघायला मी काकीच्या घरामागे गेले. माडाच्या मुळाशी ताजी माती वर काढून परत दाबलेली होती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर एक चिरा ठेवला होता. तोच, तळ्याच्या कोपऱ्यातला. साठीच्या बाईने तो एकटीने तिथपर्यंत कसा आणला कोण जाणे.

मी तिथे उभी होते आणि मला लाज वाटत होती. दुसरा शब्द नाही त्याला. आमच्या तळ्यात आणखी महिन्याने नवं बी पडणार होतं, ते तिला माहीत होतं. जे मी करायला हवं होतं, ते तिने माझ्यासाठी केलं होतं. घराचं पुढचं दार बंद होतं आणि आत मुलगा खुर्च्या एकात एक घालत होता. मी हाक मारली नाही. सासूबाईंनी ती सुंगटं तिखटात घातली. मी जेवले.

मला म्हापशाला जायला दीड महिना लागला. कामं होती असं म्हणता येईल. एका शुक्रवारी बाजाराच्या निमित्ताने निघाले आणि सासऱ्यांना सांगितलं, काकीकडे जाणार आहे, सगळं सांगणार आहे. ते ओट्यावर बसून ओले काजू फोडत होते, बोटं चिकाने काळी झालेली. त्यांनी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. उठून आत गेले, तोच पोचा पडलेला टोप आणला आणि फोडलेले सगळे गर त्यात घातले.

"रिकामो नेव नको," म्हणाले.

तिसरा मजला. काकी जनेलाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. जनेलाला लोखंडी गज, गजांबाहेर समोरच्या इमारतीची भिंत. मुलगा-सून कामावर गेले होते. तिने मला पाणी दिलं. टोप घेऊन आतले गर बघितले, एक दातांखाली घालून बघितला, आणि पार्स्यात कोणाकोणाचे काजू लागलेत ते विचारलं. मी सांगत राहिले. मग बोलायचं ते एकदम बोलून टाकलं.

"काकी, ते आमच्या तळ्यातून आलं. खाडीतून नाही. आमच्याकडे आधी आलं होतं, म्हणूनच काढली होती."

"ठावक आसा," ती म्हणाली.

"कधी कळलं?"

"तुझी सासू टोप घेवन इली तेवाच इचार इलो. एवढी बारीक सुंगटां कोण काढता, तीन आठवडे आसताना?" ती गर निवडत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "म्हणान तर तुका इचारलंय. मूठ पाण्यावर धरून थांबलंय मी. तू कुंपणाकडे उभी होतंस, तुझा तोंड दिसत होता. म्हटला, कायतरी सांगतली ही."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तू म्हणालंस, आमचीच," ती म्हणाली. "तुझ्या सबदावर टाकलंय गो मी."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, तिच्या शिव्या मला सवयीच्या होत्या. तिने गर ताटात काढले, टोप धुतला, पदराने पुसला. मग तो हातात धरून ती स्वयंपाकघरात उभी राहिली. एक डबा उघडून बघितला, लावला. दुसरा उघडला. बिस्किटांचा पुडा उचलला आणि परत ठेवला. सगळं सुनेने बाजारातून आणलेलं होतं.

"हय माझ्या हातचा काय नाय," ती म्हणाली, आणि टोप तसाच माझ्या हातात दिला.

म्हापशाच्या स्टँडवर पार्स्याची गाडी लागली होती, शुक्रवारची गर्दी होती. वाड्यावरच्या दोघी-तिघी भेटल्या, काकी कशी आहे म्हणून विचारू लागल्या. बरी आहे म्हटलं. टोप मी मांडीवर उपडा धरला होता, म्हणजे तो रिकामा आहे हे कोणाला दिसू नये.